कूलर, आजी आणि चोवीस बिट

मे महिन्यातली नागपूरची दुपार. महालातल्या घरात आजी जात्यावरच्या ओव्या आठवून आठवून म्हणत होती आणि मी रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये अडकलो होतो. १६ बिट की २४ बिट? मोठा आकडा चांगलाच असणार, म्हणून २४ निवडलं. आजीचा आवाज बारीक, म्हणून लेव्हल पार वर नेली. एका ओवीवर तिला सासूचं काहीतरी आठवलं आणि ती खळखळून हसली. संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं, तर नेमकं ते हसणं फाटलेलं. बाकी सगळीकडे कूलरची घरघर.

मग हे बिट आले कुठून, ते शोधत बसलो.

डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजणं. बिटांची संख्या म्हणजे मोजपट्टीवरच्या रेघा. ८ बिटांत २५६ रेघा, १६ बिटांत ६५,५३६, तर २४ बिटांत १ कोटी ६७ लाखांहून जास्त. एक बिट वाढला की सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ६ डेसिबलने वाढतं. म्हणजे १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांत सुमारे १४४.

आवाज असा आकड्यांत मांडायच्या पद्धतीचं पेटंट अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज इंजिनिअरने १९३८ साली घेतलं. टेलिफोनचं पुढे ८ बिटांवर भागलं. सीडी ठरवताना फिलिप्सचा कल १४ बिटांकडे होता, सोनी १६ वर अडून बसली. शेवटी १६ ठरले आणि १९८२ साली सीडी बाजारात आली.

ऐकायला १६ पुरतात का? याचं उत्तर आपल्याच ओव्यांत सापडलं. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि ओव्यांचं ध्वनिमुद्रण डॅट नावाच्या डिजिटल टेपवर झालं. डॅट म्हणजे १६ बिट. त्यातल्या कितीतरी ओव्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ऐकताना आठ बिट कमी पडल्याचं मला एकदाही जाणवलं नाही.

मग २४ कशाला? त्यासाठी अजून मागे जावं लागतं. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात भारतातल्या बोली ग्रामोफोन तबकड्यांवर घेतल्या गेल्या. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. या प्रांतातल्या बोलीही त्यांत आहेत. अशा जुन्या तबकडीत खरखरीच्या वर उरतो तो आवाज जेमतेम ४० डेसिबलचा, म्हणजे सातेक बिटांत मावेल इतका. तरीही ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस २४ बिटांची आहे. कारण जुनी तबकडी उतरवताना लेव्हल वरच्या टोकाला टेकवावी लागत नाही, आणि पुढे कुणी खरखर काढायला बसला तर त्याच्या हाताशी बारीक मोजमाप असतं.

माझी चूक इथे कळली. २४ बिटांचा फायदा म्हणजे वर मोकळी जागा सोडता येते. २० डेसिबल रिकामे ठेवले तरी तीन-साडेतीन बिटच जातात, वीस उरतात. मी मात्र ती जागा भरून टाकली होती. पट्टीच्या वर गेलेला आवाज कापला जातो; तो कितीही बिटांनी परत येत नाही. आणि कूलरची घरघर आजीच्या श्वासाहून मोठी, त्यामुळे खालचे बिट नुसती घरघरच मोजत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बसलो. कूलर बंद केला, माइक जवळ आणला, लेव्हल खाली ठेवली.

"काहून बंद केला रे कूलर?" आजी म्हणाली. तेही स्वच्छ रेकॉर्ड झालं.

ओवी छान आली. सासू मात्र आठवली नाही, त्यामुळे हसूही नाही.

२४ बिटांची मूळ फाइल तासाला पाचशे एमबीच्या वर जाते. ती दोन ठिकाणी ठेवली आहे. घरच्या ग्रुपवर १६ बिटांची पाठवली. फाटक्या हसण्याची फाइलही पुसलेली नाही.