लाकडी घोड्याचे वंशज

आषाढीच्या गर्दीत खिसा कापणारा मनुष्य कपाळावर चोर असे लिहून येत नाही. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, मुखी विठ्ठलनाम, अशा वेषातच तो चंद्रभागेच्या वाळवंटात वावरतो. पंढरपूरच्या श्रोत्यांना हे आम्ही सांगावयास नको. संगणकात आणि मोबाइलमध्ये शिरणाऱ्या ज्या चोराचा इतिहास येथे पाहावयाचा आहे, तो ह्याच कुळीचा होय.

त्याचे नाव ट्रोजन. ग्रीकांनी ट्रॉय नगरीपुढे लाकडी घोडा ठेवला, नगरवासीयांनी तो देवाची वस्तू समजून आत ओढून नेला, आणि रात्री त्याच्या पोटातून सैनिक उतरले, ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे. १९७२ साली जेम्स अँडरसन यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी संगणकांच्या सुरक्षिततेवर जो अहवाल लिहिला, त्यात हे नाव अशा फसव्या प्रोग्रॅमला दिलेले आढळते.

परंतु त्यासाठी ट्रॉयपर्यंत जावयास हवे असे नाही. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराज पुण्यात शाएस्तेखानाच्या गोटात शिरले ते कसे? खाफीखान लिहितो की, लग्नाच्या वरातीसाठी कोतवालाची परवानगी काढण्यात आली होती. दुसरी हकीकत अशी की, आम्ही बादशाही फौजेतलेच लोक, आपापल्या चौकीवर चाललो आहोत, असे पहारेकऱ्यांना सांगण्यात आले. कोणतीही खरी धरा, गाभा एकच. पहारा मोडला नाही, पहाऱ्याची संमती मिळविली. तो छापा चालून आलेल्या शत्रूवर होता, गरिबाच्या पुंजीवर नव्हे. तेव्हा आम्ही तुलना करतो ती केवळ वाटेची, हेतूची नव्हे.

आता संगणकाकडे वळू. ४ मे २००० रोजी जगभर लक्षावधी लोकांना ओळखीच्या माणसाकडून एक प्रेमपत्र आले. सोबतची फाइल साध्या मजकुराची दिसे, कारण नावाचे खरे शेपूट विंडोज झाकून ठेवीत असे. उघडताच ती त्या संगणकातील साऱ्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडी, आणि पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम आणू पाही. तिचा कर्ता फिलिपाईन्समधला एक विद्यार्थी, ओनेल द गुझमान. गरिबांना इंटरनेट फुकट मिळावे म्हणून पासवर्ड चोरण्याची योजना त्याने आधी कॉलेजात प्रबंधाचा विषय म्हणून मांडली होती. कॉलेजने ती नाकारली. त्या देशात अशा कृत्याविरुद्ध तेव्हा कायदाच नव्हता, म्हणून तो सुटला.

२००७ पासून पुढे आलेला झ्यूस मात्र निव्वळ पैशाचा सोबती. आपण बँकेच्या पानावर पासवर्ड लिहितो, तो वाटेत कोणी वाचू नये म्हणून सांकेतिक करून पाठविला जातो. झ्यूस वाटेत थांबत नसे. तो ब्राउझरच्या आतच बसे आणि कुलूप लागण्यापूर्वीच अक्षरे टिपून घेई. एवढेच नव्हे, तर बँकेच्या खऱ्या पानावर आणखी माहिती विचारणारी स्वतःची रकाने उमटवी. लपण्याची युक्तीही पाहण्यासारखी. विंडोजच्याच घरात, विंडोजचेच वाटेल असे नाव घेऊन तो राहावयाचा. संगणक सुरू झाला की आपणही जागे व्हावयाचे. आणि प्रत्यक्ष काम करावयाचे ते दुसऱ्या सज्जन प्रोग्रॅमच्या पोटात बसून. चालू कामांची यादी काढली तरी त्यात वेगळा असा कोणी दिसू नये! २०११ मध्ये त्याचा मूळ आराखडा फुटला आणि वंश वाढला.

महाराष्ट्राला ह्या विद्येचा मोठा तडाखा बसला तो ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेत. ११ आणि १३ तारखेला मिळून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले; २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. बँकेच्या यंत्रणेशेजारी चोरांनी खोटी यंत्रणा उभी केली होती. पैसे द्यावेत का, हा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतच नसे. खोटीच होकार देई. म्हणजे भुलतो तो अडाणीच, हा समज टिकत नाही.

आणि आता लग्नपत्रिका. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका दिसे, होते मात्र ॲप. त्यांच्या खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. अशा फाइलच्या नावाअखेर एपीके ही अक्षरे असतात. ती बसविली की संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोर वाचतो. पुष्कळदा ॲपचे चिन्हही पडद्यावरून नाहीसे होते.

फसलेल्याला लोक लोभी म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. लग्नाचे बोलावणे उघडून पाहणे हा लोभ नव्हे, रीत आहे. चोराने नेमकी तीच हेरली. लोभी म्हणवून घ्यावे लागेल ह्या लाजेने मनुष्य घरातही बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. ती स्वतःला बसवून घ्या म्हणत नाही, आपले संदेश वाचू द्या म्हणत नाही. तसे काही बसलेच, तर इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे आणि १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम वाटेत अडविता येते ती पहिल्या काही तासांत.