शिडाच्या नौकांची शर्यत आणि तिचा प्रेक्षक

महाड आज महामार्गावरील गाव म्हणून ओळखले जात असले, तरी त्याची जुनी ओळख सावित्रीच्या खाडीवरील बंदर ही आहे. बाणकोटच्या मुखातून भरतीबरोबर शिडाचे पडाव आत येत आणि घाटावरच्या मालाची देवघेव येथे होई. भरती साधण्याची चुरस ह्या व्यवहारात होतीच. परंतु ती पोटापाण्याची चुरस होती, पाहण्याची वस्तू नव्हे.

ह्याच गावातील चवदार तळ्याने मात्र एक प्रश्न इतिहासापुढे ठेवला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, हा सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला आणि पुढील वर्षी महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून आपलाही ठराव केला. तरी पाणी प्रत्यक्ष ओंजळीत येण्यास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला, आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय तर १९३७ साली लागला. पाण्याच्या काठावर कोणी यावे हे कायदा ठरवितो की वहिवाट, असा तो वाद होता. नौकाशर्यतीसारख्या करमणुकीची त्या लढ्याशी बरोबरी करण्याचा हेतू येथे अर्थातच नाही. परंतु काठाविषयीचा हा प्रश्न मनात ठेवून मुंबई बंदराकडे पाहिले असता, ह्या खेळाभोवती लोकसमुदाय का जमला नाही, ह्याचा काहीसा उलगडा होतो.

मुंबईच्या यॉट क्लबाची स्थापना १८४६ ची. ‘रॉयल’ ही उपाधी त्यास १८७६ साली मिळाली आणि १८८१ साली अपोलो बंदरावर त्याची इमारत उभी राहिली. पावसाळा सरला की सकाळी मतलई आणि दुपारनंतर वायव्येकडील खारा वारा नेमाने वाहतो. शर्यतीस ह्याहून अनुकूल बंदर क्वचितच सापडेल. ब्रिटिश अमदानीत क्लबाचे सभासदत्व हिंदी माणसास नव्हते. तथापि बंदरातील पाणी सर्वांचे होते, आणि धक्क्यावर उभे राहण्यास कोणाची मनाई नव्हती. मग तेथे उभ्या असलेल्या माणसास दिसे काय? दूरवर काही पांढरी शिडे, आणि ती वेगवेगळ्या दिशांस चाललेली. वाऱ्याच्या तोंडावर जावयाचे तर नौकेस नागमोडी मार्ग घ्यावा लागतो. त्यामुळे डावीकडे दिसणारी पुढे आहे की उजवीकडची, हे जाणत्यासही चटकन सांगता येत नाही. त्यातून भिन्न आकारांच्या नौका एकत्र धावल्या, तर प्रत्येकीस वेळेची सूट दिली जाते, आणि आधी पोचलेली नौकाच विजयी ठरेल असे नसते. निकाल पाण्यावर लागत नाही, तो क्लबातील कागदावर लागतो. आमच्या मते हिरवळीच्या कुंपणापेक्षाही हे दुसरे कुंपण अधिक उंच होते.

हे कुंपण अपरिहार्य नव्हते, ह्याचा पुरावा त्याच काळातील सिडनीत सापडतो. तेथील व्यापारी मार्क फॉय ह्याने १८९१ साली ‘सिडनी फ्लाइंग स्क्वॉड्रन’ ही संस्था काढली. त्याच्या सुधारणा साध्या होत्या. शिडावर ठळक रंगीत चिन्ह असावे, म्हणजे काठावरील पोरासही आपली नौका ओळखू येईल. वेळेची सूट आरंभीच द्यावी; दुबळी नौका आधी सुटावी, बलिष्ठ मागाहून; म्हणजे जी प्रथम पोचेल तीच जिंकली. शर्यत आखूड असावी आणि बंदराच्या आत, नजरेच्या टप्प्यात व्हावी. प्रतिष्ठितांस ही रंगीत चिन्हे रुचली नाहीत. तेव्हा २६ जानेवारी १८९२ रोजी फॉयने आपली शर्यत वेगळी भरविली. पुढे अठरा फुटी नौकांमागून प्रेक्षकांनी भरलेल्या फेरीबोटी धावू लागल्या आणि त्यांवर पैजाही लागू लागल्या. (पैजांचे समर्थन आम्ही करीत नाही, परंतु ज्याचा निकाल कळत नाही त्यावर कोणी पैज लावीत नाही, एवढे त्यावरून दिसते.)

फॉयच्या योजनेस अठरा फुटी नौकाच मानवली, हा योगायोग नव्हे. मोठ्या नौकेतील खटपट दुरून दिसत नाही. लहान नौकेस शीड अवाच्या सवा मोठे असले, की ती सावरण्यास माणसांनाच बाहेर झुकावे लागते. चूक झाली की ती सर्वांदेखत उलटते. आपल्या मचव्याशी तुलना केल्यास भेद स्पष्ट होतो. मचव्याच्या शिडाची लांब तिरपी काठी, दिशा बदलताना, डोलकाठीपलीकडे न्यावी लागते; ते सावकाशीचे काम आहे. शर्यतीची लहान नौका क्षणात वळते, आणि प्रतिस्पर्ध्याचा वारा अडविण्याचा डाव ह्या वळणातच असतो. पाहण्याजोगे जे काही आहे ते तेथे आहे.

पुढे स्वतंत्र भारतात हा खेळ मुख्यतः सेनादले आणि क्लब ह्यांच्या आश्रयाने वाढला. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबईस झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया ह्यांनी ‘फायरबॉल’ प्रकारात सुवर्णपदक मिळविले. ही सुमारे १६ फुटांची दोघांची नौका. एक जण सुकाणू धरतो, दुसरा डोलकाठीच्या तारेस लटकून पाण्यावर आडवा होतो. मुंबईच्या पाण्यावर मिळालेले हे सुवर्णपदक मुंबईकरांच्या स्मरणात क्रिकेटच्या एखाद्या अनिर्णित सामन्याइतकेही उरलेले नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘अमेरिका कप’च्या प्रचंड नौका मुद्दाम किनाऱ्यालगत धावविण्यात आल्या आणि कोणती नौका किती पुढे आहे हे दाखविणाऱ्या रेषा दूरचित्रवाणीच्या चित्रावरच आखण्यात आल्या. साधन नवे, विचार मात्र फॉयचाच.

अपोलो बंदरावरील १८८१ ची ती इमारत आता अणुऊर्जा विभागाकडे आहे. समोर गेटवेच्या पायऱ्यांवर दिवसभर गर्दी असते आणि तेथून घारापुरीस व मांडव्यास प्रवाशांनी भरलेल्या बोटी सुटतात. ऑक्टोबरपासून मेपर्यंत, दुपारी खारा वारा सुटला की, त्यांच्या वाटेवर शर्यतीची शिडेही दिसतात.