पहिला ठसा आणि दुसरे वाचन

जेन ऑस्टिनने 1796-97 मध्ये लिहिलेल्या एका कादंबरीचे नाव ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ असे होते. नोव्हेंबर 1797 मध्ये तिच्या वडिलांनी लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाला तिच्याविषयी विचारले. हस्तलिखित न मागवताच त्याने नकार कळवला. पुढे बरीच काटछाट होऊन ती 28 जानेवारी 1813 रोजी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. दरम्यान मार्गारेट होलफर्डची याच जुन्या नावाची कादंबरी निघाली होती आणि नवे शब्द फॅनी बर्नीच्या ‘सिसिलिया’त (1782) आधीच आले होते. शीर्षकबदलाचे हे व्यावहारिक कारण बहुतेक अभ्यासकांना पुरेसे वाटते. परंतु दोन शीर्षकांमधील अंतर केवळ सोयीचे नाही.

‘इम्प्रेशन’ हा शब्द अठराव्या शतकात दोन ठिकाणी रुळला होता. ह्यूमच्या ज्ञानमीमांसेत तो मनावर उमटणाऱ्या मूळ, ठसठशीत संवेदनाचा वाचक होता. भावविवश कादंबऱ्यांत प्रथमदर्शनी जडणाऱ्या प्रीतीचा. ‘गर्व’ आणि ‘पूर्वग्रह’ हे मात्र ठसे नव्हेत. ठशाचा अर्थ लावणाऱ्या मनाचे ते दोष आहेत. म्हणजे चूक डोळ्यांकडून निर्णयशक्तीकडे सरकली.

याचा खरा पुरावा हन्सफर्डच्या पत्रप्रसंगात आहे. डार्सीला नाकारल्याच्या दुसऱ्या दिवशी एलिझाबेथला त्याचे पत्र मिळते. प्रथम ती ते रागाने, घाईने वाचते, पुन्हा पाहायचे नाही असे ठरवून मिटते आणि अर्ध्याच मिनिटात उघडते. आता ती एकेक वाक्य तपासू लागते. विकमने पहिल्याच संध्याकाळी, अनोळखी असताना, आपली कैफियत मांडली होती. डार्सीला आपण टाळणार नाही अशी बढाई मारूनही नेदरफिल्डच्या नृत्यसमारंभाला तो फिरकला नव्हता. हे सर्व तिला आधीच ठाऊक होते. ठाऊक असलेल्याचा अर्थ तेवढा पालटतो. पहिल्या ठशाची दुरुस्ती येथे दुसऱ्या ठशाने होत नाही. ती पुनर्वाचनाने होते. मूळ लेखन पत्ररूप असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे; हस्तलिखित उपलब्ध नसल्याने तो तर्कच राहतो, पण कादंबरीचा कणा पत्रात असावा हे लक्षणीय आहे.

डार्सीचे परिवर्तनही असेच घडते. एलिझाबेथच्या डोळ्यांविषयीचे त्याचे मत काही प्रकरणांतच बदलते, तरी वर्तन बदलत नाही. ते बदलते तिच्या कठोर शब्दांमुळे.

सर वॉल्टर स्कॉटने ‘एम्मा’च्या निनावी परीक्षणात (1815 चा अंक, प्रत्यक्ष प्रसिद्धी 1816) याच कादंबरीकडे वळून वेगळाच रोख धरला: नायकाची देखणी वास्तू पाहीपर्यंत नायिकेला आपला वेडेपणा उमगला नाही. आक्षेप हसून सोडून देण्याजोगा नाही. पेम्बर्लीची स्वामिनी होणे काय असते, हा विचार एलिझाबेथच्या मनात तेथे खरोखरच येतो आणि पुढे आपल्या प्रेमाचा आरंभ ती थट्टेने त्याच दर्शनापासून मोजते. पण स्कॉटने क्रम उलटा केला. पत्र एप्रिलमधले आहे, पेम्बर्लीची भेट नंतरच्या उन्हाळ्यातली. शिवाय तेथेही ती नुसती पाहत नाही. जुन्या गृहव्यवस्थापिकेची साक्ष ऐकते आणि तिच्या आधारे तसबिरीसमोर पुन्हा जाऊन उभी राहते. त्यानंतर थोड्याच प्रकरणांत निवेदिका, कृतज्ञता आणि आदर यांतून उपजलेल्या प्रेमाची बाजू घेताना, प्रथमभेटीच्या प्रेमाचा प्रयोग नायिकेने विकमवर करून पाहिला होताच, असा मिश्कील टोला देते. टाकून दिलेले शीर्षक तेथे अजून जिवंत आहे.