गव्हाचा भाव, मजुरीची रेघ

वाटाघाटीत मालकपक्षाने आलेख पुढे केला की, श्रोतेहो, आम्ही प्रथम उभ्या अक्षावरचे आकडे पाहतो. ही खोड आम्हांस विल्यम प्लेफेअरने लावली. १८२१ साली त्याने इंग्लंडातील सुमारे अडीचशे वर्षांचा गव्हाचा भाव आणि कारागिराची आठवड्याची मजुरी शंभर शिलिंगांच्या एकाच मापावर काढली. मजुरी सुमारे पाचांवरून तिसांवर, म्हणजे सहापट चढली. पण रेघ बिचारी तळाशीच सरपटते! मजुरीच्या मानाने गहू कधी नव्हे इतका स्वस्त झाला, हे प्लेफेअरचेच म्हणणे त्याच्याच चित्रात दिसेना. जॉन हंटरच्या २००३ सालच्या मॅटप्लॉटलिबमध्ये एका ओळीच्या आज्ञेने अक्षाला लॉगॅरिथमचे माप देता येते. मग सारख्या पटीला सारखी उंची मिळते. तसे केले, की मजुरीची चढण गव्हाहून उभी दिसते.