पांढरीची माती

आमच्या तेरमध्ये माळवद गळायला लागलं की माणूस गाडी जुंपून पांढरीवर जायचा. गावाभोवती मातीची उंच टेकाडं आहेत. ती माती पांढुरकी अन् चिकट. माळवदावर टाकून धुमसानं चोपली की पाऊस आत येत नाही. मिरगाच्या आधी आबा दोन-तीन खेपा आणायचे अन् मी मागं बसून माती चाळायचो. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, कधी मुंडकं नसलेलं मातीचं बाहुलं. मणी माझ्या खिशात जायचे, बाहुलं मात्र आबा परत टाकायला लावायचे.

"जुन्या लोकांचं हाय बाबा. घरात नको."

हे जुने लोक कोण, ते मला शाळा सुटल्यावर कळलं. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर. इ.स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ही मोठी पेठ. इथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं अन् तिथून जहाजानं समुद्रापार. म्हणजे आमच्या गाडीच्या चाकोरीखाली दोन हजार वर्षांची चाकोरी होती.

बाहेरचा माणूस तेरला येतो तो गोरोबाकाकांसाठी. तेरणेकाठी त्यांचं मंदिर आहे. तिथून त्यानं त्रिविक्रमाच्या देवळाकडं जावं. हे देऊळ विटांचं. मागची भिंत अर्धगोल, छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखं कमानदार. मुळात ते बौद्धांचं चैत्यगृह असावं, असं अभ्यासक मानतात. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात आहे.

ते संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं. आम्ही जे माळवदावर चोपत होतो, ते हा आमच्याच गावचा माणूस जपून ठेवत होता. तिथं एक हस्तिदंती बाहुली आहे. तशीच एक इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. त्यांचं शहर राखेनं झाकलं म्हणून राहिलं. आमचं आम्ही गाड्या भरभरून नेलं. कुणाला दोष द्यायचा? घर गळत होतं, माती चांगली होती.

पुढं आबा गेले. घर पाडून स्लॅब टाकायचं ठरलं. माळवदाची माती ट्रॅक्टरनं रानात टाकायची होती. मी ट्रॅक्टरवाल्याला म्हणालो, "दोन दिस थांब." अंगणात चाळण लावली. बायको म्हणाली, "आता काय पोर हायसा व्हय?"

तीन मणी निघाले, एक अर्धी बांगडी अन् मुंडकं नसलेलं एक बाहुलं. आबांच्या नजरेतून तेवढं सुटलं होतं, इतकी वर्षं आमच्या डोक्यावरच होतं.

आबांचं ऐकलं. घरात ठेवलं नाही. रुमालात बांधलं अन् संग्रहालयात नेऊन दिलं.