नाथसागरावरची पक्षीगणना: शून्यसुद्धा लिहायचं असतं

परभणीच्या शेतांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी मिळतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये हे धरण पूर्ण झालं. त्याच्या नाथसागर जलाशयावर पाणपक्षी येऊ लागले आणि १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. पुढच्याच वर्षी आशियाई पाणपक्षी गणना सुरू झाली. तेव्हापासून दर जानेवारीत ठिकठिकाणच्या पाणथळींवर स्वयंसेवक पक्षी मोजतात, तेही बिनपगारी.

संशोधनात याचा उपयोग काय? एका वर्षाच्या आकड्यावरून फारसं कळत नाही. जागा, महिना आणि पद्धत तीच ठेवली, तरच तुलना होते. म्हणून किती जणांनी, किती वेळ मोजलं तेही लिहा. पक्षी दिसलाच नाही, तर शून्य लिहा. रकाना कोरा सोडला, तर पक्षी नव्हता की कुणी बघितलंच नाही, हे पुढच्या अभ्यासकाला कसं कळणार?