एका जागेचे दोन धनी

बेसबॉलच्या आरंभीच्या काळात मैदानात उतरलेले नऊ गडीच बहुधा शेवटपर्यंत खेळत. कोणास दुखापत झाली किंवा प्रतिपक्षाने संमती दिली, तरच बदली गडी घेता येई. 1891 साली हे बंधन गेले. गडी हवा तेव्हा बदलावा, मात्र बाहेर गेलेल्याने त्या सामन्यात परतू नये, असे ठरले. सॉफ्टबॉलने पुढे आरंभीच्या गड्यास एकवार परतण्याची मुभा दिली. बेसबॉलने ती दिली नाही. त्यामुळे गडी बदलणे म्हणजे हातचे हुकुमाचे पान टाकणेच झाले.

ते पान केव्हा टाकावे? उजव्या हाताच्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या फलंदाजापासून दूर पळतो. डावखुऱ्याच्या तो अंगाकडे येतो. तेव्हा समोरचा पिचर पाहून फलंदाज निवडावा, हे ओघानेच आले. बोस्टन ब्रेव्ह्ज संघाचे व्यवस्थापक जॉर्ज स्टॉलिंग्ज यांनी 1914 साली बाह्यक्षेत्रातील जागांवर अशा जोड्या आलटून पालटून खेळविल्या. जुलैच्या मध्यापर्यंत तळाशी असलेला हा संघ लीगचा विजेता झाला आणि वर्ल्ड सीरीजमध्ये बलाढ्य फिलाडेल्फियास त्याने 4-0 असे नमविले.

केसी स्टेंगेल या डावखुऱ्या फलंदाजास न्यूयॉर्क जायंट्समध्ये जॉन मॅग्रॉ यांनी असेच निवडून खेळविले होते. पुढे 1949 साली यँकीज संघाची धुरा हाती येताच स्टेंगेल यांनी तोच कित्ता गिरविला आणि 1953 पर्यंत सलग पाच वेळा वर्ल्ड सीरीज जिंकली. उजवे हँक बाउअर आणि डावखुरे जीन वुडलिंग यांना मात्र हे अर्धे मानकरीपण मनापासून रुचले नाही. त्यांची तक्रार गैरवाजवी म्हणवत नाही: ज्याला एका बाजूच्या पिचरपुढे उभेच केले जात नाही, त्याने त्या बाजूचा खेळ शिकावा तरी कसा?

खुद्द पिचरलाही फलंदाजीतून मोकळे करण्याचा नियम अमेरिकन लीगने 1973 साली केला. नॅशनल लीगने त्यास दीर्घकाळ दाद दिली नाही; 2020 च्या अपवादात्मक हंगामानंतर 2022 मध्ये तिने तो कायमचा स्वीकारला. उलट, एकाच फलंदाजापुरता पिचर आणण्याच्या चालीला 2020 मध्ये लगाम बसला: नव्या पिचरने किमान तीन फलंदाजांना तोंड द्यावे, अथवा तो डावभाग संपवावा.